विषाणू घरात कोणत्या वाटेने येतो?

२००९ सालच्या ऑगस्ट महिन्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यात. एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरच्या काही दिवसांत शहरातल्या शाळा बंद झाल्या, तपासणीसाठी नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या आणि औषधांच्या दुकानांतून मास्क दिसेनासे झाले. लोक रुमाल बांधून हिंडू लागले. पुढे १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारला मास्क आणि सॅनिटायझर यांचा समावेश जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत करावा लागला, कारण करोनाची साथ आपल्याकडे नीट पसरण्यापूर्वीच या दोन्ही वस्तू बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या. साथीची बातमी आली की आपण दुकान गाठतो, आणि शेजारी जे घेतो ते आपणही घेतो. पण घरात काय आणावे हे ठरण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळालेले असले पाहिजे. आलेला विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते विषाणूच्या स्वभावावरून कळते. जिवंत पेशीच्या बाहेर विषाणूला काहीच करता येत नाही. तो खात नाही, वाढत नाही, हलत नाही. जिवाणू दुधात किंवा शिळ्या भातात पडला तर रात्रीतून लाखांनी वाढतो. विषाणू पडला तर सकाळी जेवढे होते तेवढेच, बहुधा त्याहून कमी, शिल्लक राहतात. त्यामुळे एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाण्यासाठी त्याला कोणाचे तरी वाहन लागते: श्वासाबरोबर बाहेर पडणारे कण, पिण्याचे पाणी, हाताची बोटे, डास, रक्त. प्रत्येक विषाणूची यांपैकी एखाददुसरीच वाट ठरलेली असते. ती बंद केली की बाकीच्या वाटांवर पहारा ठेवण्यात फारसा अर्थ नाही, आणि ती उघडी ठेवून बाकीच्या कितीही बंद केल्या तरी उपयोग नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण काविळीचे आहे, म्हणून तेथे थोडे थांबू या.

दिल्लीत डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात काविळीची मोठी साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. कारण शोधणे कठीण गेले नाही. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला होता आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी जेथून शहरासाठी पाणी उचलले जाई त्या जागेपर्यंत येऊन पोहोचले होते. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांना पाणी बिघडल्याचे लक्षात आले होते. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढवले. गंमत अशी की त्या काळात शहरात विषमज्वर किंवा आमांश वाढला नाही. म्हणजे पाण्यातले जिवाणू क्लोरीनने मेले होते. विषाणू मात्र गढूळ पाण्यातल्या कणांच्या आड राहून नळापर्यंत पोहोचला.

हा विषाणू हेपॅटायटिस ए चा असावा असे पुष्कळ वर्षे समजले जात होते. त्या साथीतल्या रुग्णांचा रक्तद्रव जपून ठेवला होता. १९८० च्या सुमारास तो नव्या चाचण्यांनी तपासला तेव्हा हेपॅटायटिस ए नव्हे, दुसराच कोणी गुन्हेगार आहे हे दिसले. १९८३ साली मॉस्कोचे विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी तो पकडला, आणि तोही कसा! अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांमध्ये काविळीची साथ होती. बालायान यांच्या रक्तात हेपॅटायटिस ए विरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून होती, म्हणजे तो आजार त्यांना पुन्हा होणार नव्हता. त्यांनी रुग्णांच्या विष्ठेपासून तयार केलेला अर्क स्वतः प्यायला. महिन्याहून थोड्या अधिक काळाने त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण सापडले. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. या विषाणूला पुढे हेपॅटायटिस ई असे नाव मिळाले. आपल्याकडे २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ याच विषाणूची होती.

आता अशा साथीत घराघरांत काय चालते ते पाहा. कावीळ झालेल्या माणसाचे ताट-पेला वेगळा करतात, त्याला वेगळ्या खोलीत निजवतात, मुलांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. आणि घरातली सर्व माणसे त्याच नळाचे पाणी न उकळता पीत राहतात. हेपॅटायटिस ई एका माणसाकडून घरातल्या दुसऱ्या माणसाकडे सहसा जात नाही. तो येतो पाण्यातून. (हेपॅटायटिस ए मात्र हातांवाटे घरातल्या घरात पसरू शकतो, म्हणून हात धुण्यात कुचराई नकोच.) रुग्णाला वाळीत टाकून काही साधत नाही. पाणी उकळले तर साधते.

येथे कापडाच्या गाळणीबद्दल दोन शब्द. विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर करायला सांगावा. चार घड्या केलेल्या जुन्या सुती साडीतून साधारण २० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण अडतात. विषाणू ३० नॅनोमीटरचा, म्हणजे ०.०३ मायक्रोमीटर. छिद्र त्याच्या सहाशेपट मोठे झाले. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरचा धरला तर सहाशेपट म्हणजे बेचाळीस मीटर रुंदीचे दार! मेणबत्तीच्या आकाराच्या गाळण्या असलेला साधा फिल्टरही विषाणू अडवेल याची खात्री नाही. गाळण्याचा फायदा आहे, पण तो वेगळा: पाणी नितळ झाले की क्लोरीनला विषाणूपर्यंत पोहोचता येते. दिल्लीत अडचण आली ती नेमकी येथेच.

म्हणून साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळू द्यावे आणि निदान एक मिनिट तसेच ठेवावे. मग झाकून गार करावे आणि ओगराळ्याने किंवा तोटीतून घ्यावे. उकळलेल्या पाण्याच्या पिंपात कोणी बोटांसकट पेला बुडवला तर गॅस आणि श्रम दोन्ही वाया जातात. इंधन कमी असेल तर निदान पिण्याचे पाणी उकळावे. आणि घरात गरोदर स्त्री असेल तर तिचे पाणी सर्वांत आधी. हे मी विशेष जोर देऊन सांगत आहे, कारण हेपॅटायटिस ई बहुतेकांना काही आठवडे अशक्त करून सोडून देतो, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो झाला तर शंभरापैकी वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. अशा स्त्रीला डोळ्यांत पिवळेपणा दिसताच रुग्णालयात न्यायला हवे. काविळीची माळ घालून आठ दिवस वाट पाहण्याइतका वेळ तिच्याकडे नसतो. माळेने कावीळ ‘उतरते’ असे वाटते, कारण ती बहुतेकांची आपोआप उतरतेच.

पाणी किती दिवस उकळायचे? याचे उत्तर उबवणीच्या काळात आहे. शरीरात विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ इन्फ्लुएन्झात एक ते चार दिवसांचा असतो, गोवरात साधारण दहा ते चौदा दिवसांचा, तर हेपॅटायटिस ई मध्ये दोन ते दहा आठवडे, सरासरीने पाच-सहा आठवडे. म्हणजे आज गल्लीत पहिला पिवळा डोळा दिसला, तर दूषित पाणी महिन्यापूर्वीच पिऊन झाले आहे, आणि आज पाणी सुधारले तरी आणखी दोन महिने नवे रुग्ण निघत राहणार. ‘उकळूनसुद्धा कावीळ झालीच की’ असे म्हणून लोक पंधराव्या दिवशी उकळणे सोडतात, त्यामागे हे गणित माहीत नसणे हेच कारण असते.

गावातल्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट करता येईल. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत ज्याला आपण टीसीएल पावडर म्हणतो ती ब्लीचिंग पावडर घालतो आणि ओटी चाचणी करतो. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. ही चाचणी टाकीपाशी न करता गावाच्या टोकाच्या शेवटच्या नळावर करून पाहावी, आणि मुलांना दाखवावी. टाकीपाशी पिवळा आणि शेवटच्या नळाला रंगहीन, असे निघाले तर मधल्या नळात कोठेतरी घाण शिरते आहे आणि ती क्लोरीन खाऊन टाकते आहे असा संशय घ्यावा. (हे द्रव्य विषारी आहे, चाचणीचे पाणी लगेच ओतून टाकावे आणि बाटली मुलांच्या हाती देऊ नये.)

आता हातांकडे वळू. विषाणूंचे रचनेनुसार दोन गट पडतात. सर्वांच्या पोटात जनुकीय द्रव्य आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच असते. काहींच्या कवचावर आणखी एक मेदाचे पातळ आवरण असते. इन्फ्लुएन्झा, करोना, गोवर, डेंगी यांचे विषाणू आवरणवाले. पोलिओ, हेपॅटायटिस ए, जुलाब-उलट्या घडवणारे रोटा आणि नोरो हे विषाणू उघडे, बिनआवरणाचे. ऐकायला उलटे वाटेल, पण आवरणवाले विषाणू शरीराबाहेर नाजूक असतात. मेदाचे आवरण विरघळले की विषाणू निकामी होतो. उघड्यांना विरघळण्यासारखे वेष्टनच नाही, प्रथिनांचे कवच मात्र टणक.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे मेदाकडे. ही मेदप्रिय टोके विषाणूच्या आवरणात घुसतात आणि ते फाडून काढतात. तेलकट कढई धुताना जे होते तेच. अल्कोहोलही आवरण मोडते आणि प्रथिनांची घडी विसकटते. त्यासाठी पाण्याची मदत लागते, म्हणून ७० ते ८० टक्क्यांचे अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा जास्त परिणामकारक ठरते. मग नोरो किंवा हेपॅटायटिस ए चे काय? त्यांच्यावर सॅनिटायझर फार थोडे काम करते. साबणही त्यांना मारत नाही, पण चोळण्याने ते त्वचेवरून सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. वीस सेकंद चोळा, वाहत्या पाण्याखाली धुवा, हा आग्रह त्यासाठी आहे. थोडक्यात, जुलाबाची साथ असताना सॅनिटायझरची बाटली खिशात ठेवून निर्धास्त राहणारा माणूस फसतो; दहा-वीस रुपयांची साबणाची वडी दोन्ही गटांना पुरते. घरात साठा करायचाच असेल तर तो साबणाचा करावा, तो खराब होत नाही आणि साथ आली नाही तरी वापरला जातो.

फरशी, संडास, उलटी पडलेली जागा यांच्यासाठी मात्र क्लोरीनच लागतो, कारण तो उघड्या विषाणूंचे कवचही बिघडवतो. आधी घाण कागदाने किंवा राखेने उचलून जागा साबणाने धुवावी. घाणीवर ओतलेला क्लोरीन घाणीशीच झगडण्यात संपतो. पुसण्यासाठी ०.१ टक्क्याचे द्रावण सर्वसाधारणपणे पुरते, उलटी-जुलाबाच्या जागी त्याच्या पाचपट तीव्र करावे. हा हिशेब आठवीच्या मुलांनाही जमतो. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर पन्नासपट विरळ करायचे, म्हणजे २० मिलिलिटर ब्लीच घेऊन पाणी घालून एक लिटर करायचे. टीसीएल पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. एका लिटरला एक ग्रॅम क्लोरीन हवा तर तीन ग्रॅम पावडर पुरे. पण हीच पावडर पावसाळ्यात उघड्या पोत्यात पडून तिची ताकद १५ टक्क्यांवर आली असेल तर जवळजवळ सात ग्रॅम लागेल. द्रावण रोज ताजे करावे, जागेवर दहा मिनिटे राहू द्यावे, खिडकी उघडी ठेवावी. आणि संडास धुण्याच्या आम्लात ते कधीही मिसळू नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा मोरीत तो जिवावर बेतू शकतो. दोन जंतुनाशके मिसळली की दुप्पट परिणाम होतो ही समजूत सुशिक्षित घरांतही आढळते.

हवेतून येणारे विषाणू हा सर्वांत अवघड प्रकार. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत विषाणू तरंगत राहू शकतो. लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. २०२२ साली मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या दाट वस्तीत गोवराने लहान मुले दगावली. गोवरापुरते बोलायचे तर घराची तयारी म्हणजे बाळाच्या दोन लसी, पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. येथे दुसरा कोणताही उपाय तिच्या जवळपास पोहोचत नाही.

इन्फ्लुएन्झा किंवा करोनासारख्या आजारात ‘रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवा, शक्य तर स्वतंत्र स्वच्छतागृह द्या’ असा सल्ला छापला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहतात. त्यांना हा सल्ला म्हणजे थट्टा वाटते. त्यांच्यासाठी भिंतीऐवजी हवेचा विचार करणे भाग आहे, आणि तो करता येतो.

वर्गात एक प्रयोग करा. काचेच्या पेल्यात शाईचे रंगीत पाणी काठोकाठ भरा आणि हळूहळू ढवळत त्यात बरोबर एक पेला स्वच्छ पाणी ओता. जादा पाणी सांडू द्या. रंग पूर्ण जाईल अशी मुलांची अपेक्षा असते, पण सुमारे ३७ टक्के रंग शिल्लक राहतो. दुसऱ्या पेल्यानंतर १४ टक्के, तिसऱ्यानंतर ५, आणि एक टक्क्यावर येण्यासाठी साडेचारपेक्षा थोडे जास्त पेले लागतात. खोलीतल्या हवेचे असेच आहे. दारे-खिडक्या बंद असून फटींतून तासाला एकदाच खोलीभर हवा बदलत असेल तर खोकल्यातून निघालेले कण एक टक्क्यावर यायला साडेचार तासांहून अधिक लागतील. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा दार आणि खिडकी, उघडून हवा तासाला सहा वेळा बदलू लागली तर तेच काम पाऊण तासात होते. आपल्या जुन्या घरांतले उजालदान आणि झरोके हे काम विनातक्रार करीत असत; नव्या खोल्यांत त्यांच्या जागी काच बसली. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, तो वायुवीजन करत नाही.

हवा कोठून येते आणि कोठे जाते हे एका उदबत्तीने कळते. ती पेटवून खोलीच्या निरनिराळ्या जागी धरावी आणि धूर कोणत्या खिडकीकडे जातो ते पाहावे. ज्या खिडकीतून धूर बाहेर पडतो तिच्यापाशी रुग्णाचे अंथरूण टाकावे, आणि बाकीच्यांनी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांनी, जेथून हवा आत येते त्या बाजूला निजावे. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा असेल तर तो चालू ठेवावा. छताचा पंखा हवा नुसती घुसळतो. खिडकी बंद ठेवून तो लावणे म्हणजे रंगीत पाणी ढवळत बसणे. मास्क रुग्णाने लावला तर सर्वांना सर्वाधिक फायदा होतो, कारण कण तोंडातून निघतानाच पकडले जातात. सेवा करणाऱ्यानेही लावावा, शक्य असल्यास एन-९५, पण तो गालाला घट्ट बसला पाहिजे. कडेने फट राहिली तर महागड्या मास्कमधूनही श्वास फटीतूनच जातो-येतो. अशा पाच-दहा मास्कांचे पाकीट कपाटात असले की साथीच्या पहिल्या आठवड्यात दुकानाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, आणि त्या रांगेतच संसर्ग होण्याचा धोका टळतो.

डासांबद्दल पुष्कळ छापून येते, म्हणून एकच मुद्दा. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका यांचा डास पाण्यावर तरंगणारी अंडी घालत नाही, तो ती भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, चिकटवतो. ही अंडी कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात. म्हणून पिंप नुसते उपसून पुन्हा भरले तर डासाला काहीच फरक पडत नाही. आतली कड काथ्याने घासली पाहिजे. अंड्यातून निघालेल्या अळीचा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा एक कोरडा दिवस पुरतो, पंधरा दिवसांचा पुरत नाही. कूलर, फ्रिजच्या मागची ताटली, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर या जागा मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर सापडतात.

सत्तरीत (२०१५) आणि दोडामार्गात (२०१६) माकडतापाची साथ आली तेव्हा मात्र साबण, मास्क, पिंप यांतले काहीच कामाचे नव्हते. तेथे विषाणूचे वाहन होते गोचीड. काजूच्या बागेतून परतल्यावर कपडे घराबाहेर काढून गरम पाण्यात टाकणे, अंग तपासणे आणि रानातला पालापाचोळा गोठ्यात आणून न टाकणे ही तेथल्या घरांची तयारी.

इतके करूनही घरात कोणी आजारी पडेलच. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, तेव्हा मागच्या आजारातल्या उरलेल्या कॅप्सूल काढून टाकाव्यात. ताप मोजायला तापमापक आणि साधी पॅरासिटामॉल असावी. डेंगीची शक्यता असेल तेथे अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि डेंगीत ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, तेव्हाच सावध राहायला हवे. तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान ताप उतरू लागतो त्या वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका सर्वाधिक असतो. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, मूल मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर तापमापकाचा आकडा कितीही चांगला असो, रुग्णालय गाठावे.

जुलाबात विषाणू आतड्याच्या अस्तरावर घाव घालतो, पण ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी यंत्रणा बरीचशी चालू राहते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. जलसंजीवनीचे सारे शास्त्र एवढेच. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या रुग्णांना हे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले होते. पटकी जिवाणूची, पण पाणी भरून काढण्याचा मार्ग विषाणूच्या जुलाबातही तोच. पाकिटे घरात ठेवावीत. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट हवा, शिगोशीग नको. साखर जास्त झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढून जुलाब वाढवते, आणि बाटलीबंद गोड पेये त्यामुळेच चालत नाहीत.

श्वसनाच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर उपयोगी पडतो. २०२०-२१ मध्ये अनेक रुग्ण धाप न लागता बोलत-चालत असत आणि त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन मात्र घसरलेला असे. बसून मोजलेला आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा सहा मिनिटे घरात चालल्यावर घसरला, तर डॉक्टरांकडे जावे. नखांवर रंग असेल किंवा बोटे गार असतील तर आकडा चुकतो. बोट चोळून ऊब आणून पुन्हा मोजावे. एका वाड्यात किंवा चाळीत चार कुटुंबांनी मिळून एक घेतला तरी चालतो, दर वेळी अल्कोहोलने पुसला म्हणजे झाले.

साथीच्या काळात नेहमीच्या आजारांची औषधे मिळेनाशी होतात हे मार्च-एप्रिल २०२० मध्ये रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांनी अनुभवले. त्यांची महिनाभराची औषधे नेहमी पुढे असावीत. महिन्याच्या शेवटी न घेता पट्टी अर्धी झाली की नवी आणावी. मुलांची लसीकरणाची कार्डे, प्रत्येकाच्या चालू औषधांची नावे, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. घरातली बाई आजारी पडली तर औषधे कोठे आहेत हे बाकी कोणाला माहीत नसते, म्हणून हा कागद सातवी-आठवीतल्या मुलाकडून किंवा मुलीकडून लिहून घ्यावा.